कन्यादानातला हाली रुपया

डोळे झाकून हातावर रुपया ठेवावा आणि तो कुठल्या राज्याचा, कुठल्या काळाचा, हे नुसत्या अंगठ्यानं चाचपून सांगावं, असे लोक आमच्या नांदेडात फार नाहीत. एक आमचे अत्तरवाले चाचा आणि एक मी. हे मी आता अगदी साध्या आवाजात सांगून राहिलो, पण लेकीच्या लग्नापर्यंत हीच गोष्ट मी दिसेल त्याला, न विचारता, दोनदोनदा सांगायचो. आता कमी सांगतो. का कमी सांगतो, तेच सांगायला बसलोय.

माझा स्वभाव तापट. विष्णुपुरीला धरणाच्या ऑफिसात मी कारकून होतो, तिथं लोक म्हणायचे, ह्यांच्या टेबलापाशी काडी ओढू नका, टेबलच पेट घेईल. पण जुनं नाणं हातात आलं की मी गार. मग शेजारी भांडण होवो, दूध उतू जावो, मला पत्ता नसायचा. बायको म्हणायची, "एवढ्या मायेनं माझ्याकडं बघितलं असतं तर मी बी चांदीची झाले असते." मी भिंग डोळ्याला लावायचो आणि पुढचं नाणं उचलायचो.

आमच्याकडं निजामाच्या राज्यातल्या रुपयाला हाली रुपया म्हणतात. एका अंगाला चारमिनार, दुसऱ्या अंगाला फारसी अक्षरं. चारमिनारच्या मधल्या दारात राजाच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं असतं. सराफाकडं असा रुपया नेला तर तो त्याच्याकडं बघतही नाही, काट्यावर टाकतो आणि चांदीच्या भावानं पैसे सांगतो. पण शेवटच्या निजामाच्या अगदी सुरुवातीच्या काही रुपयांवर दारातलं ते अक्षर अर्धंच उमटलंय. नंतर ठसा बदलला, अक्षर पूर्ण आलं. झालं! तेवढ्या अर्ध्या अक्षरासाठी नाणी जमवणारे लोक चांदीच्या भावाच्या कितीतरी पट द्यायला तयार असतात. बायकोला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे चुकलेल्याला जास्त भाव? मग तुम्हाला तर लाखानं घेतील."

त्यातही अट अशी की नाणं चिंचेनं घासलेलं नसावं, त्याला भोक पाडलेलं नसावं आणि कडी लावलेली नसावी. ही कडी म्हणजे आमच्या भागातला रोग. जुन्या बायका रुपयाला वर कडी जोडून घ्यायच्या आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायच्या. त्यामुळं मराठवाड्यात सापडणाऱ्या कितीतरी रुपयांच्या डोक्यावर कडी जोडताना दिलेल्या डागाची खूण असते. एकदा का कडी लागली की आमच्या लेखी ते नाणं मेलं. मग ते परत सराफाच्या काट्यावर.

माझा अर्ध्या अक्षराचा रुपया मला उदगीरला मिळाला. मेव्हणीच्या घरी वास्तुशांत होती. पंगत बसायला वेळ होता म्हणून सराफ्यात चक्कर मारली. एका दुकानात मोडीची चांदी तोलायला काढलेली: तुटके पैंजण, वाकलेले चमचे, कुणाच्या तरी करदोट्याचे तुकडे, आणि त्यात चार-सहा हाली रुपये. त्यातल्या एकाच्या दारात अक्षर अर्धंच दिसलं. पण आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की पाहिजे ती वस्तू दिसली की तिच्याकडं बघायचं नाही. मी पायातल्या जाडजूड तोरड्यांचा एक जोड उचलला. त्याची किंमत विचारली, घासाघीस केली, राग आल्याचं नाटक केलं (त्याला मला फार कष्ट पडत नाहीत), उठून पायरीपर्यंत गेलो, परत आलो आणि शेवटी म्हटलं, "बरं, घेतो. हे दोन-चार रुपये बी टाका त्याच्यासंगं काट्यावर." सराफानं टाकले. मी पैसे दिले आणि वास्तुशांतीच्या मांडवात जाऊन एकटाच हसत बसलो.

तोरड्या घरी आल्या. बायकोला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, नवऱ्याला सुचलं. तिनं त्या वर्षभर छमछम करत मिरवल्या. मग एकदा चाचांच्या दुकानात फुशारकीच्या भरात मी खरी हकीगत बोलून गेलो. ती फिरत फिरत आमच्या स्वयंपाकघरात पोचली. त्या दिवसापासून तोरड्या डब्यात आहेत, आणि त्यांचा विषय काढायची माझी छाती नाही.

तो रुपया मला विकायचा नव्हताच. खरं सांगतो, पैशाची गोष्टच नव्हती. उभी नोकरी झाली, पण मला कुणी शोधत आलं नाही. आलं तर साहेब कुठं आहेत हे विचारायला आलं. त्या रुपयामुळं सोलापूरचे, हैदराबादचे, पार नागपूरचे लोक पत्ता विचारत माझ्या दारात येऊ लागले. बैठकीत बसायचे, मी पेटी उघडायचो, मखमलीवरचा रुपया पुढं सरकवायचो, आणि ते "वाह!" म्हणायचे. त्या एका "वाह" नं माझा पुढचा महिनाभर आनंदात जायचा. हैदराबादचे एक गृहस्थ तर दर दिवाळीला फोन करायचे, "साहब, अब तो दे दो." मी नाही म्हणायचो. आणि नाही म्हणताना लई गोड वाटायचं.

ह्या सगळ्यात माझी लेक वाढली. एकुलती एक. लहानपणी आमचा खेळ म्हणजे तिनं माझ्या तळहातावर नाणं ठेवायचं आणि मी डोळे झाकून ओळखायचं. पुढं पुढं मी तिच्या हातावर ठेवायचो आणि ती ओळखायची. कडेवरच्या खाचा, झिजलेला कंगोरा, वजन, सगळं तिला शिकवलं. चाचा म्हणायचे, "तुमसे तेज है बेटी." पण त्या अर्ध्या अक्षराच्या रुपयाला मात्र हात लावायची बंदी. एकदा तिनं चोरून उचलून बघितला, तर मी असा ओरडलो की शेजारचे लोक गॅलरीत आले. त्यावर ती आईला म्हणाली, "आई, बाबांना दोन पोरं हायत. एक मी आणि एक तो पेटीतला. आणि पेटीतल्याला कधीच बोलणी बसत न्हाईत." बायको पदर तोंडाला लावून हसली. मी पण हसलो, पण ते बोलणं मला लागलं. लागलं म्हणून काय झालं, बंदी काही उठवली नाही.

मग तिचं लग्न ठरलं. लातुरात दगड भिरकावला तर तो शिकवणीच्या मास्तरालाच लागणार, त्यातलाच एक आमचा जावई. गणित शिकवतो. पोरगं गुणाचं. व्याही शाळेतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ. विहीणबाई घरातल्या कारभारी, आवाज खणखणीत, मन मोकळं. लग्न आमच्याकडं नांदेडात, मोठ्या कार्यालयात.

आता लग्नघराला कुलूप असतं हे चोरांना पत्रिका न देताही कळतं. म्हणून लग्नाच्या दिवशी मी शहाणपणा केला. बाकीची नाणी राहू दिली कपाटात, पण तो एक रुपया कागदाच्या पुडीत बांधला आणि दागिन्यांच्या पर्समध्ये ठेवायला बायकोच्या हातात दिला. "हे नीट ठेव. चांदीचा रुपया हाय," एवढंच म्हणालो. ती तेव्हा एका हातानं पिन लावत होती, दुसऱ्या हातानं फोनवर आचाऱ्याला झापत होती. तिनं मान हलवली आणि पुडी पर्समध्ये टाकली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

कन्यादानाची वेळ आली. रीत अशी की खाली जावयाची ओंजळ, तिच्यावर लेकीची, सगळ्यात वर बापाची, आणि आईनं झारीनं पाण्याची धार धरायची. ते पाणी, त्यात एक नाणं, बापाच्या हातातून लेकीच्या हातावरून जावयाच्या हातात जातं. गुरुजी म्हणाले, "चांदीचं नाणं द्या." बायकोनं पर्समध्ये हात घातला, पुडी सोडली आणि नाणं माझ्या ओंजळीत ठेवलं.

माझ्या ओंजळीत! डोळे झाकून ओळखणाऱ्याच्या! आणि मला कळलं नाही. सकाळपासून मी आचाऱ्यावर ओरडत होतो, मंडपवाल्यावर ओरडत होतो, फोटोवाल्याला तर मी हाकलूनच देणार होतो. पण गुरुजी "म्हणा, ही माझी कन्या" असं म्हणाले आणि माझा आवाजच फुटेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, वरून बायकोच्या झारीचं पाणी. बायको धार धरता धरता कुजबुजली, "अहो, पुसा की," आणि मी म्हटलं, "कशानं पुसू, हात कुठं मोकळे हायत?" त्या सगळ्यात रुपया माझ्या बोटांतून निसटून तिच्या ओंजळीत गेला आणि तिच्या ओंजळीतून जावयाच्या. मग जेवणं झाली, पाठवणी झाली, मंडपवाल्याशी राहिलेलं भांडण पूर्ण झालं.

पंधरा-वीस दिवस मला काही पत्ता नाही. घर खायला उठलेलं, पेटी उघडायचं मनातही आलं नाही. एक दिवस दुपारी दार वाजलं. बघतो तर चाचा आणि त्यांच्यासोबत हैदराबादचे ते फोनवाले गृहस्थ, पहिल्यांदाच साक्षात. "साहब, दे मत दो, दिखा तो दो," ते म्हणाले. मला मूठभर मांस चढलं. बायकोला चहा टाकायला सांगितला, पेटी आणली, झाकण उघडलं. मखमलीवर रुपयाच्या आकाराचा खड्डा तेवढा होता.

मग आठवलं, पुडी. पुडी पर्समध्ये. पर्स कपाटात. मी पर्स पलंगावर पालथी केली, बांगड्या, पिना, आमंत्रणाच्या उरलेल्या सुपाऱ्या, सगळं निघालं, पुडी नाही. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली.

"काय शोधून राहिलात?"

"पुडी. तुला लग्नात दिलेली. चांदीचा रुपया."

"तो न्हाई का कन्यादानात घातला," ती म्हणाली, जणू मी काल काय भाजी होती ते विचारलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तिथंच पलंगावर बसलो आणि सगळ्यात आधी काय विचारलं असेल? "घासला होतास का गं चिंचेनं?"

"वेळ कुठं होता घासायला! तसाच काळपट घातला, मला तर लाजच वाटली."

जीव भांड्यात पडला. म्हणजे नाणं अजून जिवंत होतं, फक्त लातुरात होतं. बैठकीतून चाचा सगळं ऐकत होते. ते लगेच म्हणाले, "भाऊसाब, गई सो ट्रेन और दी सो चीज, इनके पीछे भागना नक्को." हैदराबादवाले मात्र पुढं सरसावले. म्हणाले, तुमच्या व्याह्यांचा नंबर द्या, मी बोलतो, ते म्हणतील ती किंमत देतो. मी असा उसळलो! "माझ्या लेकीच्या सासरी तुम्ही कन्यादान विकत घ्यायला जाणार?" बिचारे अर्धा चहा टाकून उठले. चाचांनी जाताना त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

पाहुणे गेल्यावर आमची खरी जुंपली.

"तूच घातलास! विचारायचं तरी."

"लग्नाच्या दिवशी तुम्ही पुडी दिली, चांदीचा रुपया म्हणालात, नीट ठेव म्हणालात. मी काय समजायचं? मी तर म्हटलं, बघा, ह्यांना बी कधी नव्हे ते कन्यादानाची आठवण राहिली."

"अगं तो तोच रुपया होता!"

"मग तुमच्याच हातात ठेवला होता की. तुम्ही तर डोळे झाकून ओळखता."

तोंडात मारल्यासारखं झालं. शेवटी तिलाच दया आली. म्हणाली, थांबा, लेकीला फोन लावते, सहज विचारल्यासारखं विचारते. फोन लावला, आवाज मोठा केला. लेक लई खुशीत होती. "आई, उद्या सासूबाई मला सराफ्यात नेणार हायत. त्यांच्याकडं रीत हाय, कन्यादानाच्या रुपयाला कडी लावून सुनेच्या गळ्यात घालतेत. माझ्या सासूबाईंच्या गळ्यात बी हाय त्यांचा."

कडी! मी हातांनी खुणा करू लागलो, नको म्हण, थांब म्हण, काहीतरी म्हण. बायकोनं माझ्याकडं बघितलं, फोनमध्ये म्हणाली, "छान दिसंल गं तुला," आणि फोन ठेवला.

"न्हाई का म्हणाली न्हाईस?"

"काय म्हणू? तुझ्या बापानं चुकून दिलाय, परत कर म्हणू? नव्या घरात तिनं तोंड कुठं लपवायचं? दान दिलेलं परत मागतेत का कुठं?"

रात्रभर विचार करून मी तोड काढली. माझ्याकडं दुसरा एक हाली रुपया होता, पूर्ण अक्षराचा, साधा, पण चकचकीत. तो घेऊन जायचं, व्याह्यांना म्हणायचं, "तो काळपट रुपया बरा दिसत न्हाई, हा घ्या चांगला," आणि गुपचूप अदलाबदल करायची. मागणंही नाही, अपमानही नाही. सकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जायचं तर जा. पण त्या रुपयापायी पोरीचं तोंड उतरलं, तर परत माझ्या घरात यायचं न्हाई. मी मस्करी करून राहिले न्हाई." आणि डब्यात दशम्या बांधून दिल्या. आमच्या घरात धमकी आणि दशमी एकाच हातानं मिळते.

पहिल्या एसटीनं निघालो. लोहा गेलं, अहमदपूर आलं, आणि मी मनातल्या मनात बोलायचं पाठ करत होतो. "व्याहीसाहेब, तो रुपया जरा झिजलाय..." नको. "विहीणबाई, सुनेच्या गळ्यात कसं चकचकीत पाहिजे..." हे बरं. मनातल्या मनात म्हणजे मला वाटलं मनातल्या मनात. चाकूरच्या अलीकडं शेजारची म्हातारी म्हणाली, "पाव्हणं, विहिणीचं एवढं भ्याव वाटतंय तर कशाला चाललात?" पुढं लातूरपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसलो.

व्याह्यांच्या घरी पोचलो तर विहीणबाई आणि लेक बाहेर पडायच्या तयारीत, चपला पायात. मला बघून लेक धावत आली. नव्या साडीत, हातभर चुडा, आणि हसताना अगदी लहानपणीसारखी. विहीणबाईंनी चपला काढल्या आणि मला हाताला धरूनच आत नेलं म्हणायला हरकत नाही. फोडणीच्या चुरमुऱ्यांची सुशीला बशीत समोर आली, वर शेंगदाणे, बाजूला लिंबू. व्याही समोर बसले. "असं अचानक येणं केलंत? घरी सगळं ठीक ना?"

मी खिशात हात घातला, चकचकीत रुपयाची पुडी बोटांत धरली आणि पाठ केलेलं वाक्य सुरू करणार, तेवढ्यात ते म्हणाले, "न्हाई, थांबा. आधी मला बोलू द्या. तुम्ही आलात ते बरं झालं. फोनवर बोलायची गोष्ट नव्हती ही." आणि त्या माणसानं मला हात जोडले.

मी गोंधळलो. ते म्हणाले, "सूनबाईनं सांगितलं आम्हाला त्या रुपयाचं. आम्हाला काय कळतंय? आम्ही म्हटलं, असंल जुना रुपया. तुमचा जीव का प्राण आम्हाला दिलात तुम्ही."

मी लेकीकडं बघितलं. ती पदराशी चाळा करत होती, पण डोळे माझ्यावर. म्हणाली, "माझ्या हातावर पडला तेव्हाच मी ओळखला, बाबा. तुम्हीच शिकवलंय. आधी वाटलं, चुकून आला काय? आईनं घाईत घातला काय? मग मी वर बघितलं तर तुम्ही रडून राहिले होते. तुम्ही कधी कशाला रडत न्हाईत. तेव्हा कळलं, तुम्ही मुद्दाम दिलाय म्हणून." तिनं सासूबाईंकडं बघितलं. "मी इथं आल्यावर ह्यांना सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, ज्याला हात लावायची मला बंदी होती, तो माझ्या बाबांनी स्वतःच्या हातानं मला दिला."

सुशीला घशात अडकली. ठसका लागला. विहीणबाईंनी पाणी दिलं, व्याह्यांनी पाठ थोपटली, आणि त्या ठसक्याच्या आडोशाला मला डोळे पुसून घेता आले. मी कशासाठी रडलो होतो ते मला माहीत होतं. रुपया गेल्याचं तर मला कळलंही नव्हतं. पण पोरीनं दोन्हींची गाठ अशी मारली होती की ती सोडवायला जावं तर तिच्याच गळ्याला काच बसणार.

"बरं, तुम्ही काय म्हणत होतात? काही काम काढलं होतं का?" व्याह्यांनी विचारलं.

माझा हात अजून खिशातच. सगळे बघून राहिलेले. आता पुडी बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "हे... हे ह्याच्यासाठी आलो," मी म्हटलं. "जोडीचा हाय. म्हटलं, लेकीला एक दिला, जावयाला बी एक असावा."

विहीणबाईंना भरून आलं. तेवढ्यात शिकवणीतून घरी आलेल्या जावयानं वाकून नमस्कार केला. एक आणायला गेलेला माणूस दुसराही देऊन बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण गंमत सांगू? मला वाईट वाटायला पाहिजे होतं आणि वाटत नव्हतं.

तरीपण खोड जात नाही. सगळे मिळून बाजारात गंजगोलाईजवळच्या सराफाकडं गेलो, गादीवर बसलो, आणि सराफानं रुपया चिमट्यात धरला तेव्हा माझ्यातला जुना माणूस शेवटचा एकदा उठला. "कडी कशाला लावता? तसाच जपून ठेवला तर? एखाद्या पेटीत, मखमलीवर..."

"पेटीत न्हाई, बाबा," लेक म्हणाली. "लई वर्षं पेटीत होता तो. मला रोज पाहिजे."

सराफ थांबला होता. कडी कुठं लावू, विचारत होता. विहीणबाई म्हणाल्या, "व्याहीसाहेबांना विचारा, त्यातलं त्यांनाच कळतं." मग मी पुढं सरकलो. रुपया हातात घेतला, चारमिनार वर केला, दोन मिनारांच्या मधोमध, कडेवर, बोट ठेवलं. म्हटलं, "इथं लावा. आणि आच जपून. दाराकडं येऊ देऊ नका." सराफानं फुंकणी तोंडाला लावली. ज्योत बारीक झाली, निळी झाली, रुपयाच्या कडेला भिडली. चांदी तापली, डाग पाझरला, कडी बसली. पाण्यात टाकल्यावर चर्र आवाज झाला आणि संपलं. लेकीनं माझ्या दंडाला धरलेलं होतं ते मला तेव्हा कळलं.

काळा दोरा ओवून झाला. विहीणबाईंनी तो तिच्या गळ्यात बांधला. चारमिनार तिच्या गळ्यापाशी टेकला, दारातलं अर्धं अक्षर बाहेरच्या बाजूला. सराफानं चहा मागवला होता, तो आला. लेक माझ्याजवळ येऊन बसली, रुपया तळहातावर घेऊन तिनं डोळे मिटले, कडेवरून अंगठा फिरवला आणि मग हळूच विचारलं, "बाबा, आता ह्याची किंमत किती हो?"

ह्या बाबतीत मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. म्हटलं, "आता? आता चांदीचा भाव. काट्यावर जेवढं भरंल तेवढं."

"बरं झालं," ती म्हणाली. तिनं रुपया साडीच्या आत सरकवला आणि वरून हात ठेवला. "आता हा मागायला कुणी येणार न्हाई."

"हाव," मी म्हटलं. "आता कुणी येणार न्हाई."

मागायला आलेला शेवटचा माणूस तिच्याच शेजारी बसून चहा पिऊन राहिला होता.